ऊन न बाधणारी दारू

"आजी, बाबा गराजमध्ये बसून दारू भरतोय."

लेकीने हे वाक्य फोनवर पुण्याला सांगितलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि पलीकडे बराच वेळ शांतता पसरली होती. मग आईने अगदी हळू आवाजात "सूनबाईला फोन दे बरं जरा" असं सांगितलं. पुढचा अर्धा तास खुलासे करण्यात गेला. ही दारू प्यायची नव्हे, बंदुकीची. मी लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीसाठी लागणारी काडतुसं घरीच भरतो. इथे अमेरिकेत ते कायदेशीर आहे, अनेक लोक करतात, आणि मी त्यातला फार मोठा तज्ज्ञ वगैरे नाही. आईचं समाधान किती झालं देव जाणे. पण तेव्हापासून नातेवाइकांत "ॲरिझोनाला दारू गाळतो तो" अशी माझी ओळख आहे. असो.

आज त्याच दारूबद्दल लिहायचंय. निमित्त गेल्या जुलैचं.

जानेवारीत मी एक नवी भरती बसवली होती. भरती बसवणं म्हणजे एकेका टप्प्याने दारूचं वजन वाढवत जायचं, प्रत्येक टप्प्याला गोळ्या झाडून वेग मोजायचा, पुंगळ्या तपासायच्या आणि आपल्या रायफलला जे मानवतं तिथे थांबायचं. सकाळची वेळ, पाच-सहा अंश सेल्सियस तापमान, बोटं गारठलेली. निकाल सुंदर आला. पुस्तकातल्या कमाल मर्यादेच्या अगदी थोडं खाली होतो. खूश होऊन शंभर काडतुसं भरली आणि डबा बंद करून ठेवला.

तो डबा उघडला जुलैत. सकाळी नऊलाच चाळिशी गाठलेली. काडतुसं मी बाकावर तशीच उन्हात मांडून ठेवली होती. शेजारी लेक दुर्बिणीपाशी वही घेऊन बसलेली, आता चौदा वर्षांची. पहिली गोळी नेहमीपेक्षा वर लागली. दुसरी आणखी वर. तिसरीनंतर बोल्ट उघडेना. जोर लावून उघडला तर पुंगळीच्या बुडावर चकचकीत ओरखडा आणि प्रायमर पार चपटा झालेला. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चेंबरमधला दाब हद्दीबाहेर गेल्याची ही लक्षणं आहेत. पितळेने सहन केलं म्हणून निभावलं. नाही केलं तर तापलेला वायू मागे येतो, आणि मागे माझा चेहरा असतो. आणि त्या दिवशी हातभर अंतरावर ती होती.

पलीकडच्या बाकावरचे एक वयस्कर गृहस्थ उठून आले, पुंगळी हातात घेऊन पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "ही कुठल्या महिन्यात बसवलीस?"

उरलेली सत्त्याण्णव काडतुसं मी घरी येऊन एकेक करून उकलली.

हा प्रकार मी काकांना फोनवर सांगितला. काका खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले. हा कारखाना १८६९ चा. नोकरीबद्दल ते घरात कधी फारसं बोलले नाहीत, पण त्या दिवशी मात्र चिडले. म्हणाले, "अरे, दारूची चाचणी घ्यायची तर ती आधी ठरलेल्या तापमानाला तासन्‌तास ठेवतात. गरम करून बघतात, गार करून बघतात. तू एका सकाळी बघितलंस आणि शंभर भरलीस? आणि वर उन्हात ठेवलीस?" मग थोडं थांबून म्हणाले, "आज्ञापत्रात दारू उन्हात ठेवायला सांगितलंय, ते वाचून ठेवलीस की काय!"

काकांचा टोमणा होता, पण मी खरंच आज्ञापत्र काढून पाहिलं. रामचंद्रपंत अमात्यांचं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्याबद्दल दोन गोष्टी आहेत. एक, दारूचं कोठार घराजवळ नसावं. आणि दुसरी, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर लावून ठेवावी.

म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी ऊन हे दारूचं औषध होतं. माझ्या बाकावर ते विष ठरलं. मधे झालं काय, हे शोधत गेलो तर एक मोठी गोष्ट हाती लागली.

तेव्हाची दारू म्हणजे काळी दारू. सोरा, कोळसा आणि गंधक. ढोबळ प्रमाण ७५, १५ आणि १०. हिचा खरा शत्रू म्हणजे ओल. शुद्ध सोरा हवेतलं पाणी फारसं ओढत नाही, पण त्यात राहिलेले इतर क्षार ओढतात. सह्याद्रीच्या पावसात एखाद्या गडावरचं कोठार डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हवालदाराला दिलेली ती आज्ञा किती शहाणपणाची होती ते कळेल. उष्णतेने काळ्या दारूच्या जळण्यात फरक पडत नाही असं नाही, पण ओलीच्या आणि नळीत साचणाऱ्या काजळीच्या मानाने तो किरकोळ.

लांब पल्ल्याची नेमबाजी याच दारूवर सुरू झाली. २ जुलै १८६० ला विंबल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडली, ४०० यार्डांवरून. रायफल व्हिटवर्थची, आधीच नेम धरून स्टँडवर पक्की बसवलेली. राणीने फक्त दोरी ओढायची होती. पुढे १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड आणि अमेरिका यांच्या संघांत ८००, ९०० आणि १००० यार्डांचा सामना झाला. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकली. काळ्या दारूवर, हजार यार्डांवर! त्या नेमबाजांना काळजी असायची ती वाऱ्याची, काजळीची आणि हवेतल्या दमटपणाची.

मग बिनधुराची दारू आली आणि शत्रू बदलला.

बाझलच्या शॉनबाइनने १८४५-४६ च्या सुमारास कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून स्फोटक कापूस बनवला. ताकद अफाट, पण काबूत येईना. १८४७ मध्ये इंग्लंडात फेव्हरशॅमचा कारखानाच उडाला. या कापसाला लगाम घालायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल विएलने तो द्रावकात मळून, लाटून, त्याच्या पातळ पट्ट्या कापल्या आणि लष्करी रायफलीला चालेल अशी पहिली बिनधुराची दारू तयार झाली. १८८६ ची लेबेल रायफल तिच्यावरच बेतलेली. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरिन मिसळून बॅलिस्टाइट काढलं आणि १८८९ मध्ये ब्रिटनच्या एबल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइट. शेवयांसारख्या दोऱ्या पडायच्या, म्हणून ते नाव. सुरुवातीच्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरिन, ३७ टक्के स्फोटक कापूस आणि ५ टक्के चक्क व्हॅसलीन!

या नव्या दारूला ऊन दोन तऱ्हांनी बाधतं. त्या दोन तऱ्हांची गल्लत मीही बरीच वर्षं करत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली तऱ्हा म्हणजे दारू कुजणं. नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होत असतं, त्यातून निघणारे आम्लधर्मी वायू विघटन आणखी वाढवतात आणि उष्णतेने सगळ्यालाच वेग येतो. फ्रेंच आरमाराने याची जबर किंमत मोजली. तूलाँ बंदरात १२ मार्च १९०७ ला 'येना' आणि २५ सप्टेंबर १९११ ला 'लिबेर्ते' अशा दोन युद्धनौका स्वतःच्याच कोठारातल्या दारूने उडाल्या, शेकडो माणसं गेली. आज दारूत स्थिरकारक घालतात, तो यासाठी.

दुसरी तऱ्हा अशी, की दारू चांगली शाबूत आहे, पण ती झाडताना किती तापलेली आहे यावर तिचं जळणं बदलतं. दाणा आधीच गरम असेल तर पेटायला त्याला कमी उष्णता लागते, म्हणून तो लवकर जळतो. लवकर जळला की दाब वाढतो. आणि दाब वाढला की दारू आणखी लवकर जळते. (दाब आणि जळण्याचा वेग यांचा हा नियम विएलच्याच नावाने ओळखला जातो.) असं चक्र सुरू होतं. वेग वाढतो दोन-अडीच टक्क्यांनी, दाब त्याहून बराच जास्त. माझ्या काडतुसांना जे झालं ते हे. ती कुजलेली नव्हती. ती जानेवारीची होती, इतकंच.

या दुसऱ्या तऱ्हेशी साम्राज्याची गाठ लवकरच पडली. इंग्लंडच्या थंडीत भरलेली कॉर्डाइटची काडतुसं हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत झाडली की पुंगळ्या चेंबरमध्ये अडकत. समोर जखमी जनावर आणि हातातली बंदूक उघडत नाही, असे प्रसंग. मग शिकारी रायफलींसाठी उष्ण देशांकरता वेगळी, कमी दारू भरलेली काडतुसं निघाली. आपल्याकडे कॉर्डाइटचा कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निलगिरीत अरुवनकाडूला उभा राहिला. खडकीच्या .३०३ काडतुसांच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरं असत, म्हणजे किर्की फॅक्टरी. इथल्या एका जुन्या बाजारात मला तशी एक रिकामी पुंगळी एका डॉलरला मिळाली होती. काकांना फोटो पाठवला तर दोन दिवस उत्तरच आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं, "जपून ठेव."

आरमाराने वेगळा मार्ग काढला. दारू बदलता येत नाही ना, मग निदान तिचं तापमान मोजा. कोठारात तापमापक लावले, कोठारं थंड ठेवायची यंत्रणा बसवली आणि तोफांच्या पल्ल्याच्या कोष्टकांत दारूच्या तापमानाची दुरुस्ती आली. ब्रिटिश कोष्टकं ८० अंश फॅरनहाइट हे प्रमाण धरत. दारू त्याहून गार असेल तर गोळा अलीकडे पडणार, गरम असेल तर पलीकडे, हे हिशेबात धरून तोफ उचलायची. पुढे लांब पल्ल्याच्या नेमबाजांच्या वहीतही तापमानाचा रकाना आला तो याच विचाराने.

दारूच मुळात कमी हळवी करायची, हे त्यानंतरचं काम. रायफलीची दारू विसाव्या शतकात दाण्यांची झाली, आणि दाण्याच्या पृष्ठभागात जळणं मंद करणारी द्रव्यं मुरवायला लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराची शिल्लक दारू प्रचंड पडून होती. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने ती विकत घेऊन घरी काडतुसं भरणाऱ्यांना विकायला सुरुवात केली आणि या छंदाचा पायाच घातला. तो साठा संपल्यावर तशीच दारू नव्याने करून घ्यावी लागली, आधी स्कॉटलंडमधून आणि नंतर ऑस्ट्रेलियातून, न्यू साउथ वेल्समधल्या मलवालाच्या कारखान्यातून. महायुद्धाच्या काळात मरे नदीच्या काठी उभा राहिलेला हा कारखाना. १९९० च्या दशकात तिथली 'व्हार्गेट' बाजारात आली आणि हॉजडनने अशा दारूंची 'एक्स्ट्रीम' नावाची मालिकाच केली. एच ४३५०, एच ४८३१, एच १००० याच घरातल्या. २०१० च्या दशकात इतर कंपन्यांनीही तापमानाला न बधणाऱ्या दारूंचे आपापले प्रकार आणले. नेमकी युक्ती कोणी सांगत नाही. दाण्याचा आकार, मधलं छिद्र, लेप किती खोल मुरवला, या सगळ्याची ती गोळाबेरीज आहे.

यातून फायदा किती, हे आकड्यांत बघू. माझ्या .३०८ रायफलमधून १७५ ग्रेनची गोळी सेकंदाला २६०० फूट वेगाने निघते असं धरा. हजार यार्डांवर पोचेपर्यंत ती नळीच्या रेषेपासून दहा मीटरहून जास्त खाली येते. वेग २५ फुटांनी वाढला तर ती साधारण २५ सेंटिमीटर वर लागते. आता हळवी दारू दर अंश सेल्सियसला दीड-दोन फूट वेग बदलते. जानेवारी ते जुलै ३५ अंशांचा फरक म्हणजे साठ-पासष्ट फूट, म्हणजे लक्ष्यावर साठ सेंटिमीटरहून जास्त. न बधणारी दारू दर अंशाला साधारण अर्धा फूट बदलते, म्हणजे लक्ष्यावर सतरा-अठरा सेंटिमीटर. हजार यार्डांच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ वीस इंच व्यासाचं, म्हणजे मध्यापासून २५ सेंटिमीटर. एक दारू वर्तुळातच राहते, दुसरी पार बाहेर जाते. त्यात उन्हाळ्याची हवा विरळ असते, त्यामुळेही गोळी वरच लागते. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, एकमेकींना खोडत नाहीत.

मग झालं तर, न बधणारी दारू घ्या आणि निश्चिंत व्हा, असंच मला जुलैनंतर वाटलं होतं. त्याच आठवड्यात एक डबा आणला. पण काकांच्या बोलण्याने आणि पुढच्या सहा महिन्यांच्या वहीने तीन गोष्टी शिकवल्या.

एक म्हणजे, "न बधणारी" हे सापेक्ष आहे. एखादी दारू एका काडतुसात, ठरावीक वजनाला स्थिर वागते. तीच दुसऱ्या काडतुसात किंवा अर्धवट भरलेल्या पुंगळीत तशी वागेलच असं नाही. प्रायमरही बदल घडवतो. डब्यावरचा शब्द हा कंपनीचा अनुभव आहे, माझ्या रायफलचा नाही. मी आता एकच भरती गार सकाळी आणि तापलेल्या दुपारी अशी दोनदा क्रोनोग्राफवर मोजतो. आणि सुरुवात नेहमी पुस्तकातल्या खालच्या आकड्यापासून.

दुसरं म्हणजे, नावाच्या साम्यावर जायचं नाही. एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या दोन वेगळ्या दारू आहेत. एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ याही. आकडा सारखा म्हणून एकीची मापं दुसरीला लावणं म्हणजे मी जुलैत केलं त्याहून मोठा मूर्खपणा. हा मोह टंचाईत होतो. २०२० नंतर इथे चांगल्या दारूचे डबे महिनोन्‌महिने मिळत नव्हते आणि मिळेल ते उचलायची सवय लागली होती. माझी जानेवारीची दारूही अशीच, दुकानात होती म्हणून घेतलेली. तिचा दोष नाही. हळवी दारू वाईट नसते, तिला हळवी म्हणून वागवावं लागतं. उन्हाळ्यात बसवली असती तर हिवाळ्यात नेम फक्त खाली गेला असता, दाब हद्दीबाहेर गेला नसता.

आणि तिसरं म्हणजे, दारू कितीही स्थिर असली तरी काडतूस उन्हात ठेवायचं नाही, आणि तापलेल्या चेंबरमध्ये भरून गप्पा मारत बसायचं नाही. हवा तीस अंश असली तरी त्या चेंबरमधल्या दारूला ते ठाऊक नसतं.

या शेवटच्या वाक्याशी आलो की मला पुन्हा तो गडावरचा हवालदार आठवतो. त्याच्याकडे ना तापमापक, ना क्रोनोग्राफ. पण दर आठ-पंधरा दिवसांनी त्याने जातीने यायचं, कोठार उघडायचं, दारू डोळ्यांनी बघायची आणि मग मोहोर लावायची. त्याची दारू ऊन मागत होती, माझी सावली मागते. डबा बंद करून सहा महिने विसरून जाणं मात्र दोघींनाही चालत नाही. मी नेमकं तेच केलं होतं. आणि न बधणारी दारू आणल्यावर, आता तर विसरायला हरकत नाही, असं म्हणून तेच पुन्हा करायच्या बेतात होतो.

आता मैदानावर काडतुसं बर्फ नसलेल्या कूलरमध्ये, सावलीत असतात. लेकीने वहीत स्वतःच एक नवा रकाना आखलाय. तारीख, वारा, हवेचं तापमान, आणि त्याच्यापुढे 'काडतुसाचं तापमान'. त्यासाठी स्वयंपाकघरातला मांस भाजायचा तापमापक ती परस्पर उचलून आणते आणि बायको शोधत बसते. रकाना भरल्याशिवाय ती मला पहिली गोळी झाडू देत नाही. मागच्या शनिवारी मी घाई करत होतो तर म्हणाली, "बाबा, थांब. अजून मोहोर नाही लागली."

आज्ञापत्राची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. म्हणजे काकांशी परस्पर फोन चालू आहेत तर!